मुलांच्या ओठांवरचे शब्द : सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचे शिक्षकजीवन

शिक्षकांची चरित्रे लिहिताना आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. चरित्रनायकाला लहानपणापासून शिकवण्याची ओढ होती, संकटे आली तरी त्याने खडू खाली ठेवला नाही आणि शेवटी समाजाने त्याला मानाचे पान दिले, अशा क्रमाने ती कथा पुढे जाते. न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचे आयुष्य या साच्यात बसत नाही. त्यांना शिक्षिका व्हायचे नव्हते. पियानोवादक किंवा चित्रकार व्हावे, निदान लेखिका तरी व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. वर्गात पाऊल टाकताना त्यांना अनेकदा धडकी भरत असे आणि शाळा-तपासनिसांची भीती त्यांनी आयुष्यभर बाळगली. तरीही दोन भाषांच्या मध्ये अडकलेल्या मुलांना वाचायला कसे शिकवावे, या प्रश्नावर विसाव्या शतकात त्यांच्याइतके मूलभूत काम फार थोड्यांच्या हातून झाले. या स्मरणिकेच्या वाचकांत शिक्षक झालेले माजी विद्यार्थी पुष्कळ आहेत. पदविकेच्या वर्षातील सरावपाठ, पाठटाचणाची वही आणि मागच्या बाकावर बसून टिपणे घेणारे निरीक्षक यांची आठवण ज्यांना अजून आहे, त्यांना हे चरित्र अधिक जवळचे वाटेल.

सिल्व्हियांचा जन्म १७ डिसेंबर १९०८ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील तारानाकी भागात, स्ट्रॅटफर्ड या गावी झाला. नऊ-दहा भावंडांचे कुटुंब होते. वडील फ्रान्सिस मूळचे इंग्लंडचे, गोष्टी सांगण्यात रंगून जाणारे. पण संधिवाताने त्यांचे शरीर आखडत गेले आणि कमावण्याची शक्ती राहिली नाही. घर चालवण्याचा सारा भार आई मार्गारेट यांच्यावर आला. त्या प्राथमिक शिक्षिका होत्या. आडवळणाच्या खेड्यांतील छोट्या शाळांवर त्यांच्या नेमणुका होत. एका शाळेतून दुसरीकडे बदली झाली की अपंग नवरा, मुले आणि थोडेफार सामान घेऊन त्या पुढच्या गावी जात. स्वतःची मुले त्यांच्याच वर्गात बसत. घरी आई आणि शाळेत बाई, एकाच व्यक्तीची ही दोन रूपे मुलांनी रोज पाहिली. आणि शाळेतले रूप कडक होते. शिक्षकाच्या पोटी जन्मलेल्या मुलांना हा अनुभव परका नसतो. वर्गातल्या इतर मुलांपेक्षा चार छड्या त्यांना नेहमी जास्तच बसतात, कारण पक्षपाताचा आळ येऊ नये याची काळजी आईबापांना अधिक असते.

गरिबीतून बाहेर पडण्याचा एकच मार्ग आईला ठाऊक होता, तो म्हणजे शिक्षकी. सिल्व्हिया त्याच मार्गाने गेली. १९२६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ती वेलिंग्टनच्या एका प्राथमिक शाळेत छात्रशिक्षिका म्हणून दाखल झाली. त्या काळी न्यूझीलंडमध्ये शिक्षक घडवण्याची पद्धत अशी होती की उमेदवाराने आधी एखाद्या शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काम करायचे आणि मग अध्यापक महाविद्यालयात जायचे. सुतार-लोहाराच्या उमेदवारीसारखीच ही उमेदवारी. पगार नाममात्र, वर्ग मुलांनी भरलेला, आणि वरिष्ठांची नजर सतत पाठीवर. मूल काय शिकते यापेक्षा वर्ग किती शांत आहे, यावर छात्रशिक्षकाची परीक्षा होई. १९२८ मध्ये ती ऑकलंडच्या अध्यापक महाविद्यालयात गेली. तेथील दोन वर्षे तिला त्यामानाने सुखाची वाटली, कारण तेथे चित्रकला होती, संगीत होते आणि आपल्यासारखीच स्वप्ने पाहणारे सोबती होते. त्या सोबत्यांत कीथ हेंडरसन हा शांत, व्यवहारी स्वभावाचा तरुण होता. १९३२ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि पुढील काही वर्षांत त्यांना तीन मुले झाली.

प्रशिक्षण पूर्ण झाले म्हणून कोणी शिक्षक होत नाही, याचा प्रत्यय त्यांना १९३८ मध्ये आला. त्या वर्षी पतिपत्नींनी माओरी मुलांच्या शाळांमधील नोकरी पत्करली आणि ईस्ट केपजवळच्या होरोएरा या अतिशय दुर्गम वस्तीत ती दोघे राहायला गेली. कीथ मुख्याध्यापक आणि सिल्व्हिया साहाय्यक शिक्षिका. या शाळांविषयी थोडे सांगितले पाहिजे. न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे माओरी लोकांसाठी, १८६७ च्या कायद्याने वेगळ्या शाळांची व्यवस्था सुरू झाली होती. त्यांना ‘नेटिव्ह स्कूल’ म्हणत. वस्तीने जमीन द्यायची, सरकारने शिक्षक द्यायचा आणि शिक्षण इंग्रजीतून व्हायचे, असा तो एकूण करार. सुरुवातीच्या काळात लहान वर्गांत माओरीचा थोडा आधार घेण्याची मुभा होती. पुढे तीही आटत गेली. शाळेच्या आवारात आपली भाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेल्या माओरी माणसांच्या आठवणी आजही त्या देशात सांगितल्या जातात. १९४७ मध्ये या शाळांचे नाव बदलून ‘माओरी स्कूल’ झाले. नाव बदलल्याने पाठ्यपुस्तक बदलत नाही, हे वेगळे सांगायला नको.

होरोएरात सिल्व्हियांचे मन खचले. एकांत, तीन लहान मुले, शाळेचे काम, आणि आपल्यातला कलावंत इथे गाडला जातो आहे ही जाणीव, या सगळ्यांचा भार त्यांना पेलवला नाही. १९३९ मध्ये त्यांना मानसिक आजाराने गाठले आणि उपचारासाठी वेलिंग्टनला जावे लागले. त्यांच्या आयुष्याला या आजाराने दिशा दिली, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. उपचारांच्या काळात मनोविश्लेषणातील विचारांशी त्यांची ओळख झाली. माणसाच्या वागण्यामागे मनाच्या तळाशी दडलेल्या मूळ प्रेरणा असतात, त्यांत भीती आणि प्रेमाची वासना या दोन सर्वांत बलवान असतात, आणि जे दाबले जाते ते दुसऱ्या वाटेने फुटून बाहेर येते, हे त्या तेथे शिकल्या. मोठ्या माणसाला बरे करणारे हे ज्ञान पाच वर्षांच्या मुलाच्या वाचनाशी जोडता येईल, हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. तो शोध पुढे त्यांचा त्यांनी लावला आणि त्यासाठी दहा-बारा वर्षे घेतली.

१९४१ ते १९४४ या काळात हेंडरसन कुटुंब व्हांगानुई नदीकाठच्या पिपिरिकी गावी होते. दुसरे महायुद्ध चालू होते. सिल्व्हियांनी तेथे एक जुने खोपटे लिहिण्यासाठी मिळवले. घरातल्या आणि शाळेतल्या कामातून वेळ काढून त्या तेथे लिहीत, चित्रे काढीत, वाचीत. त्या वर्षांची रोजनिशी पुढे १९६७ मध्ये ‘मायसेल्फ’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. नंतरची काही वर्षे वाइओमाताटिनी येथे गेली. थोर माओरी नेते सर आपिराना न्गाता यांचे हे गाव. न्यूझीलंडच्या विद्यापीठातून पदवी घेणारे ते पहिले माओरी. १९४९ मध्ये हेंडरसन कुटुंब हेस्टिंग्जजवळच्या फर्नहिल येथील शाळेत आले आणि तेथे आठ वर्षे राहिले. आज जे काम त्यांच्या नावाने ओळखले जाते, त्याला पक्के रूप आले ते फर्नहिलच्या बालवर्गात.

तो वर्ग डोळ्यांसमोर आणावा. पाच-सहा वर्षांची मुले. बहुतेक माओरी, काही गोरी, म्हणजे माओरी भाषेत पाकेहा. माओरी मुले ‘पा’ म्हणजे आपल्या वस्तीतून येतात. तेथे आजी-आजोबा माओरी बोलतात, आईबाप दोन्ही भाषांची मिसळ करतात आणि मुलांच्या तोंडी जी इंग्रजी आहे ती पुस्तकातली नाही. घरात माणसे खूप, गाणे-नाचणे खूप, मायाही भरपूर आणि मारझोडही भरपूर. अशा घरातून आलेल्या मुलाच्या हातात इंग्लंड-अमेरिकेच्या वळणाचे वाचनपुस्तक दिले जाते. त्यात नीटनेटक्या कपड्यांतली दोन गोरी मुले आहेत, त्यांच्याजवळ कुत्रा आहे, चेंडू आहे, आणि ती एकमेकांना ये, बघ, धाव एवढेच सांगत असतात. तेथे कोणी रडत नाही, कोणी भांडत नाही, कोणी घाबरत नाही. १९५० नंतर ‘जॅनेट आणि जॉन’ ही अशीच पुस्तकमाला न्यूझीलंडभरच्या शाळांतून चालू झाली. सिल्व्हियांचा तिच्यावर राग होता. पुस्तके वाईट छापली होती म्हणून हा राग नव्हता. त्या पानांवर आपल्या वर्गातले एकही मूल त्यांना दिसत नव्हते.

गोरमाटी, अहिराणी, झाडीबोली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातून आलेल्या आपल्या अनेक पालकांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. पहिलीच्या पुस्तकातली मराठी ही आपल्या घरातली मराठी नव्हे, हे त्यांना ज्या दिवशी कळले तो दिवस त्यांच्या लक्षात असेल.

सिल्व्हियांनी पहिला उपाय केला तो मुलांसाठी स्वतः पुस्तके बनवण्याचा. माओरी घरातले प्रसंग, माओरी मुलांची नावे आणि मुलांच्या तोंडची भाषा घेऊन त्यांनी हाताने लिहिलेली आणि रंगवलेली छोटी पुस्तके तयार केली. एका जगातून दुसऱ्या जगात जाताना मुलाला मध्ये एक पूल हवा, अशी त्यांची कल्पना होती. म्हणून या पुस्तकांना त्या संक्रमणाची वाचनपुस्तके म्हणत. इहाका नावाचा मुलगा त्यांत वावरतो. एकेक पुस्तक रंगवायला किती वेळ लागत असेल आणि मुलांच्या हाती ते किती दिवस टिकत असेल, याचा हिशेब कोणत्याही बालवर्गाच्या शिक्षिकेला मनात करता येईल. पण या पुस्तकांनीही त्यांचे समाधान झाले नाही. बाईंनी निवडलेला शब्द, मग तो कितीही जवळचा असो, बाईंचाच असतो, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आले. मुलाचा पहिला शब्द मुलाकडूनच आला पाहिजे.

येथून त्यांची पद्धत सुरू झाली. तिला त्यांनी नाव दिले किल्लीचे शब्द. सकाळी प्रत्येक मूल बाईंजवळ येई. आज तुला कोणता शब्द हवा, असे बाई विचारत. मूल सांगेल तो शब्द फूटभर लांबीच्या जाड कागदाच्या पट्टीवर काळ्या खडूने मोठ्या अक्षरात लिहायचा आणि कोपऱ्यात मुलाचे नाव घालायचे. मूल त्या अक्षरांवरून बोट फिरवी, शब्द उच्चारी आणि पट्टी घेऊन जाई. ती पट्टी त्याची मालमत्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या पट्ट्या जमिनीवर ओतल्या जात आणि मुले त्या ढिगाऱ्यातून आपापल्या पट्ट्या शोधून काढीत. मग जोडी जोडीने बसून एकमेकांचे शब्द ऐकत. यात जो मोठा गलका होई, तो सिल्व्हियांना चालत असे. जी पट्टी मुलाला ओळखता आली नाही ती मुकाट्याने फेकून दिली जाई. त्याबद्दल मुलाला बोल लावायचा नाही. शब्द लक्षात राहिला नाही याचा अर्थ तो मुलाच्या मनातून आलाच नव्हता, मुलाने तो उगाच सांगितला होता. चूक झाली असेल तर ती विचारणाऱ्याची. खरा शब्द एकदा पाहिला की पुन्हा शिकवावा लागत नाही, ही या साऱ्या पद्धतीची कसोटी होती.

मुलांनी कोणते शब्द सांगितले, हे पाहण्यासारखे आहे. आई, बाबा, भूत, चुंबन, पोलीस, तुरुंग, खाटकाचा सुरा, भांडण, रडणे, हाका. यांतील हाका म्हणजे माओरींचा आवेशपूर्ण समूहनृत्याचा प्रकार. भूत हा शब्द माओरी मुलांच्या मनावर इतका ठसलेला होता की तो सांगितला आणि वाचता आला नाही, असे क्वचितच घडे. ये, बघ, आणि असे पाठ्यपुस्तकातील साधे शब्द शिकायला ज्या मुलाने चार महिने घेतले होते, त्यानेच आपल्या मनातले डझनभर कठीण शब्द चार मिनिटांत वाचले, अशी नोंद सिल्व्हियांनी केली आहे. ते मूल मंद समजले जात होते. त्याच्या घरी मार होता, माया होती, पोलिसांची भीती होती. आणि ते सगळे त्याच्या पट्ट्यांवर होते. मूल मंद नव्हते, त्याला दिलेले शब्द मेलेले होते, हा निष्कर्ष आज आपल्याला सहज पटतो. पण १९५० च्या सुमारास, तपासनिसांनी नेमून दिलेले पुस्तक बाजूला ठेवून, सुरा आणि तुरुंग हे शब्द बालवर्गाच्या भिंतीपाशी मांडणे ही साधी गोष्ट नव्हती. सभ्य घरातल्या पाहुण्याला त्या वर्गात अवघडल्यासारखे झाले असते.

शब्दांवरून मुले लिहिण्याकडे जात. आधी दोन-तीन शब्द, मग वाक्य, मग काल घरी काय घडले त्याची हकीकत. लिहिता लिहिता नवा शब्द लागला की बाईंना विचारायचा. अर्ध्या पानापर्यंत मजल गेलेली मुले एकमेकांचे लिहिलेले वाचत आणि त्यावर वाद घालत. मुलांनी लिहिलेले खोटे आहे की खरे, चांगले आहे की वाईट, यावर बाई मत देत नसत. मजकुराला हात लावायचा नाही, हा त्यांचा कटाक्ष होता. ज्यांनी वर्षानुवर्षे निबंधाच्या वह्यांवर लाल शाई ओतली आहे, त्यांना हा कटाक्ष पाळणे किती अवघड असते ते ठाऊक आहे.

त्यांच्या दिवसाची बांधणी श्वासोच्छ्वासासारखी होती. आधी मुलाने आतले बाहेर टाकायचे, म्हणजे शब्द, लिहिणे, चित्र, माती, नाच, गाणे. आणि मग बाहेरचे आत घ्यायचे, म्हणजे शिक्षिकेने शिकवलेले. पहिल्यावाचून दुसरे होत नाही, असे त्या मानीत. वर्ग गोंगाटात रंगलेला असताना सर्वांचे लक्ष वेधायचे झाले तर त्या ओरडत नसत. पियानोपाशी जाऊन बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे सुरुवातीचे स्वर वाजवीत. ते ऐकताच मुले हातातले काम थांबवून बाईंकडे पाहत. अपुरी राहिलेली पियानोवादक अशा रीतीने बालवर्गात उपयोगी पडली.

या पद्धतीमागे त्यांचा एक मोठा विचार होता आणि तो युद्धाच्या काळात घडला होता. लहान मुलाचे मन त्यांना ज्वालामुखीसारखे दिसे. त्याला दोन तोंडे आहेत, एक निर्मितीचे आणि एक विध्वंसाचे. निर्मितीचे तोंड जितके रुंद कराल तितके विध्वंसाचे आपोआप बुजत जाईल. म्हणून भांडणाचा, भुताचा आणि सुऱ्याचा शब्द मुलाने कागदावर उतरवणे हे केवळ वाचनाचे साधन नव्हते. ज्याला आपली भीती लिहिता आली, ते मूल ती दुसऱ्याच्या पाठीवर काढणार नाही, अशी त्यांची खात्री होती. प्रत्यक्ष अनुभव इतका सरळ असतो की नाही, याविषयी मला शंका आहे. तरीही बालवर्ग आणि जगातील शांतता यांचा संबंध इतक्या निर्धाराने जोडणारी शिक्षिका विरळाच.

स्वतःच्या देशात आपल्याला कोणी मानत नाही, हे शल्य त्यांनी अखेरपर्यंत उगाळले. येथे चरित्रकाराने थोडे सावध राहिले पाहिजे. १९४० ते १९६० या काळात न्यूझीलंडच्या शिक्षणखात्याचे संचालक क्लॅरेन्स बीबी होते आणि ते उदारमतवादी म्हणून ओळखले जात. प्रयोगांना त्या काळात पूर्ण मज्जाव होता, असे म्हणता येत नाही. सिल्व्हियांचे लेख तेथील शिक्षकांच्या नियतकालिकात १९५० च्या दशकात छापलेही गेले. तपासनिसांची जी भीती छात्रशिक्षिकेच्या मनात बसली होती, तिनेच पुढच्या अनेक अनुभवांना काळा रंग दिला असावा. पण दुसरी बाजूही खरी आहे. एखाद्या शिक्षिकेला आडकाठी न करणे वेगळे आणि तिचे काम ओळखून ते इतर शाळांपर्यंत नेणे वेगळे. यांतील दुसरी गोष्ट घडली नाही.

१९५७ मध्ये कुटुंब टाउरंगाजवळच्या बेथलेहेम येथील शाळेत आले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५८ मध्ये, लंडनला त्यांची पहिली कादंबरी ‘स्पिन्स्टर’ प्रसिद्ध झाली. अ‍ॅना व्होरोन्तोसोव्ह नावाची एक अविवाहित शिक्षिका, तिचा माओरी मुलांनी गजबजलेला बालवर्ग, शाळेत जाण्यापूर्वी धीर यावा म्हणून तिने घेतलेला ब्रँडीचा घोट आणि तपासनीस येणार या विचाराने उडालेली तिची गाळण, हे सारे त्या कादंबरीत आहे. लेखिकेला स्वतःलाही मद्याचा आधार लागत असे. कादंबरी इंग्लंड-अमेरिकेत गाजली आणि १९६१ मध्ये तिच्यावर हॉलिवूडने ‘टू लव्ह्ज’ हा चित्रपट काढला. त्यात शर्ली मॅक्लेन यांनी नायिकेचे काम केले. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला ‘टीचर’ प्रकाशित झाले. अध्यापनपद्धतीचे विवेचन, वर्गातल्या रोजनिशीची पाने आणि मुलांची चित्रे-शब्द असे ते मिश्र पुस्तक आहे. शिक्षणशास्त्राचे ग्रंथ ज्या रीतीने लिहिले जातात, त्या रीतीने ते लिहिलेले नाही. कदाचित म्हणूनच जगभरच्या शिक्षकांनी ते वाचले आणि अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले.

या सगळ्या काळात घर आणि शाळा तोलून धरणारे कीथ हेंडरसन १९६९ मध्ये वारले. मुख्याध्यापक म्हणून पत्नीच्या प्रयोगांना त्यांनी छत्र दिले, तिला लिहायला वेळ मिळावा म्हणून घरातली कामे अंगावर घेतली आणि स्वतः कधी पुढे आले नाहीत. त्यांच्यावाचून फर्नहिलचा बालवर्ग उभा राहिला नसता. चरित्रांत अशा माणसांना सहसा एका ओळीत उरकले जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

पतिनिधनानंतर सिल्व्हिया देशाबाहेर पडल्या. अमेरिकेत कोलोरॅडोतील अ‍ॅस्पेन येथे एका नव्या, मुक्त वळणाच्या शाळेत त्यांना बोलावणे आले. तेथील सुखवस्तू मुलांना शब्द विचारताना त्यांना वेगळीच अडचण आली. मुले काहीही सांगत, पण त्या शब्दांमागे फारसे काही नसे. दूरचित्रवाणीसमोर बसून वाढलेल्या मुलांच्या मनातली स्वतःची चित्रेच पुसट झाली आहेत, असे त्यांना वाटले. मुक्ततेच्या नावाखाली चाललेला अनिर्बंधपणाही त्यांना रुचला नाही. १९७२ मध्ये या अनुभवावर ‘स्पिअरपॉइंट’ हे पुस्तक निघाले. नंतर कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी शिक्षकांना शिकवले. वर्गाला घाबरणारी एके काळची छात्रशिक्षिका आता छात्रशिक्षकांची शिक्षिका झाली होती, आणि तेथे ती रमली असे दिसते. पुढे मायदेशी परतल्यावर १९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९८२ मध्ये त्यांना ‘एम.बी.ई.’ हा ब्रिटिश किताब मिळाला.

त्यांच्या कामावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांनी मुलाच्या मनातला शब्द घेतला, पण पट्टीवर लिहिला तो बहुतेक वेळा इंग्रजीत. त्यांचा पूल माओरी घराकडून इंग्रजी शाळेकडे जात होता. उलट दिशेने त्यावरून कोणी येत नव्हते. माओरी मुलांविषयी त्यांनी प्रेमाने लिहिले, पण त्या लिहिण्यात कधी कधी गोऱ्या माणसाला परक्या, रांगड्या जीवनाविषयी वाटणारे कौतुकही डोकावते. त्या मुलांच्या आजीआजोबांची भाषा टिकावी, हा त्यांच्या प्रयोगाचा हेतू नव्हता. तो हेतू घेऊन दुसरी माणसे उभी राहिली, आणि ती माओरी होती. १९७२ मध्ये शाळांतून माओरी भाषा शिकवावी यासाठी तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला देण्यात आले. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता येथे पहिले कोहंगा रेओ सुरू झाले. या नावाचा अर्थ भाषेचे घरटे. तेथे अगदी लहान मुले वस्तीतील वृद्धांच्या सहवासात दिवसभर माओरीतच खेळतात, जेवतात, गातात. १९८७ मध्ये माओरीला त्या देशात अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला.

सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांचे २८ एप्रिल १९८४ रोजी टाउरंगा येथे निधन झाले. तेव्हा देशात कोहंगा रेओची संख्या झपाट्याने वाढत होती. त्यांच्या मृत्यूनंतर १९८५ मध्ये ‘सिल्व्हिया’ हा चित्रपट त्यांच्याच देशात तयार झाला आणि १९८८ मध्ये लिन्ली हूड यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. त्यात त्यांची थोरवीही आहे आणि त्यांच्या स्वभावातील अवघड कोपरेही. फर्नहिलच्या बालवर्गातील मुलांनी बोट फिरवून फिरवून मऊ केलेल्या त्या पट्ट्या मात्र शब्द पाठ होताच बाजूला पडत असत. त्या जपून ठेवण्यासाठी बनवलेल्याच नव्हत्या.